श्रीमंत देशाला परक्यांची मदत लागते का?

आजचा विषय एका चिठ्ठीतून आला आहे. मागच्या व्याख्यानात आपण आपत्ती आणि पुनर्वसन हा विषय घेतला होता. शेवटी ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या एकीवर प्रश्न होता: "अमेरिका, जपान यांच्याकडे एवढा पैसा आहे. त्यांच्याकडे वादळ आलं, भूकंप झाला, तर आपल्यासारख्यांनी त्यांना मदत पाठवायची कशाला?" त्या दिवशी वेळ संपली होती, आणि दोन वाक्यांत उरकण्यासारखा हा प्रश्नही नाही. म्हणून आज तेवढा एकच प्रश्न घेऊन बसू.

सुरुवात २००५ पासून करू. ते वर्ष मुंबईकरांना वेगळं सांगावं लागत नाही. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबई बुडाली, कोकणात दरडी कोसळल्या, महाराष्ट्रात हजाराच्या आसपास माणसं गेली. हे सगळं अजून ताजं असताना, २९ ऑगस्टला अमेरिकेत लुइझियानाच्या किनाऱ्यावर कतरिना हे चक्रीवादळ आदळलं. न्यू ऑर्लिन्स शहराला पाण्यापासून राखणारे बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. मृतांचा आकडा त्या वेळी अठराशेच्या वर धरला जायचा. पुढे फेरतपासणीत तो चौदाशेच्या आत आला.

आणि मग सप्टेंबरात काय झालं, तर भारतीय वायुदलाचं एक आयएल-७६ विमान पंचवीस टन सामान घेऊन अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, लिटल रॉकच्या हवाई तळावर उतरलं. ब्लँकेटं, चादरी, ताडपत्र्या, अंघोळीचं सामान. त्याशिवाय भारत सरकारनं अमेरिकन रेडक्रॉसला ५० लाख डॉलर दिले. बांगलादेशनं १० लाख डॉलर देऊ केले. अफगाणिस्ताननं १ लाख. श्रीलंकेनं २५ हजार. आणि श्रीलंकेवर त्सुनामी येऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते.

हे ऐकून दोन प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे ऊर भरून येतो. दुसरी म्हणजे डोकं खाजवावंसं वाटतं, की अरे, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाला ताडपत्री? आपण आज दोन्ही प्रतिक्रिया बाजूला ठेवून हिशेब बघू. हिशेब फार बोलका आहे.

कतरिनाचं नुकसान शंभर अब्ज डॉलरच्या वर गेलं. वादळानंतर दहा-अकरा दिवसांच्या आत अमेरिकेच्या संसदेनं दोन हप्त्यांत मिळून ६२.३ अब्ज डॉलर मंजूर केले. परदेशांकडून त्या वर्षाच्या अखेरपर्यंत अमेरिकी सरकारच्या हाती रोख पडले १२ कोटी ६० लाख डॉलर. म्हणजे अमेरिकेनं स्वतःच्या खिशातून पहिल्या काही दिवसांत काढलेले शंभर रुपये धरले, तर सगळ्या जगानं मिळून त्यात टाकले वीस पैसे. पैशापुरतं बोलायचं तर चिठ्ठीवाल्यांचं म्हणणं इथेच सिद्ध होतं. वीस पैशांनी कुणाचं काही अडत नव्हतं.

पण गोष्ट इथे थांबत नाही. त्या वीस पैशांचं पुढे काय झालं, ते बघा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत अमेरिकेच्या अध्यक्षांचा सूर असा होता की आम्ही कुणाकडे काही मागितलेलं नाही आणि आमची तशी अपेक्षाही नाही. मग टीव्हीवर न्यू ऑर्लिन्सची दृश्यं आली. छपरांवर अडकलेली माणसं, स्टेडियममध्ये पाण्याविना बसलेली हजारो कुटुंबं. सूर बदलला, मदत स्वीकारू असं जाहीर झालं. आता अडचण अशी, की अमेरिका म्हणजे जन्मभर देणारा हात. घेण्याची व्यवस्थाच त्यांच्याकडे नव्हती. कुठल्या खात्यानं घ्यायचं, कुणी तपासायचं, कुठे ठेवायचं, कुणी वाटायचं, काहीच ठरलेलं नव्हतं. त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी पुढे या प्रकाराचा अहवाल लिहिला, तो वाचण्यासारखा आहे.

ब्रिटननं सैनिकांसाठी असतात तशी तयार जेवणाची पाकिटं विमानानं पाठवली. साडेतीन लाखांच्या घरात. त्यात गोमांस होतं. ब्रिटनमध्ये गायींच्या मेंदूच्या रोगाची साथ येऊन गेली होती, म्हणून ब्रिटिश गोमांसाला अमेरिकेत बंदी होती. आधी काही पाकिटं वाटली गेली, मग कृषी खात्यानं हरकत घेतली, आणि उरलेली पाकिटं आर्कान्सातल्या गोदामात जाऊन बसली. गोदामाचं भाडं वेगळं. रोख रकमेतले सहा कोटी डॉलर सरकारी तिजोरीत बिनव्याजी खात्यात पडून राहिले, ते पुढच्या वर्षी शिक्षण खात्याकडे शाळा-कॉलेजं उभारायला गेले. क्युबानं दीड हजारांवर डॉक्टर देऊ केले, त्यांना अमेरिकेनं घेतलंच नाही. त्यामागचं राजकारण आपल्याला ठाऊक आहे. सगळ्या देशांनी मिळून रोख आणि विकून रोख करायचं तेल असं जे देऊ केलं होतं, त्याची बेरीज ८५ कोटी ४० लाख डॉलर होत होती. दीड वर्षानंतर वर्तमानपत्रांनी हिशेब मांडला, तेव्हा त्यातले जेमतेम चार कोटी प्रत्यक्ष वापरले गेले होते.

म्हणजे मदत देणं ही एक कला असेल, तर मदत घेणं हे खातं आहे. त्याला टेबल लागतं, रजिस्टर लागतं, गोदामाची किल्ली कुणाकडे आहे हे माहीत असावं लागतं. गरीब देशांना हे सरावानं येतं.

तरीही त्या मदतीतलं काही खरोखर उपयोगी पडलं. हॉलंड आणि जर्मनीतून मोठे पंप आले, आणि ते चालवणारी माणसं आली. बुडालेलं शहर कोरडं कसं करायचं हे डच लोकांना शिकवायला नको, त्यांचा अर्धा देशच तसा आहे. मेक्सिकोचं सैन्य, दोनेकशे जवान, स्वयंपाकाच्या गाड्या घेऊन टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला आलं आणि विस्थापितांना जेवायला घालू लागलं. १८४६ च्या युद्धानंतर मेक्सिकोचं सैन्य अमेरिकेच्या भूमीवर आलं ते पहिल्यांदाच, अशी त्या वेळी चर्चा होती. आणि किनाऱ्यावरचे तेलाचे कारखाने बंद पडल्यामुळे जो तुटवडा झाला, त्यासाठी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांनी आपापल्या साठ्यांतून मिळून सहा कोटी पिंपं तेल बाजारात सोडायचं ठरवलं. याला कुणी दान म्हणत नाही, पण मला विचाराल तर कतरिनानंतर आलेली सगळ्यात मोठी परदेशी मदत हीच होती.

तर "मदत लागते का" या प्रश्नातल्या "मदत" शब्दाला असे फाटे फुटतात. पैसा वेगळा, पंप वेगळा, पंप चालवणारा माणूस वेगळा, आणि तेल वेगळं.

आता जपानकडे येऊ, कारण हा वाद सर्वांत उघडपणे झाला तो जपानच्या वेळी.

११ मार्च २०११. रिश्टर म्हणायची सवय आहे आपल्याला, पण आता मोजमाप वेगळं आहे; तर तीव्रता ९.०. त्यामागून त्सुनामी, त्यामागून फुकुशिमाची अणुभट्टी. सुमारे १५,९०० मृत आणि अडीच हजारांवर बेपत्ता. चौथ्याच दिवशी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या महासंघानं एक निवेदन काढलं. त्याचा आशय असा, की जपानच्या रेडक्रॉसनं सरकारशी बोलून असं ठरवलं आहे की बाहेरच्या मदतीची गरज नाही, म्हणून आम्ही निधीचं आवाहन करत नाही. पण कुणी आपणहून दिलं तर घेऊ. त्याच सुमारास एका मोठ्या वृत्तसंस्थेच्या अर्थविषयक स्तंभलेखकानं स्पष्ट लिहिलं की जपानला पैसे पाठवू नका. जपान श्रीमंत आहे, त्याला हवे तेवढे पैसे तो उभे करील. तुमची दया जिथे कॅमेरे नाहीत तिथे पाठवा. या लेखावर लोक तुटून पडले. निर्दय, हिशेबी, काय काय म्हटलं गेलं.

पण बघा, आकड्यांपुरतं त्याचं चुकलं होतं का? जपान सरकारनं इमारती, रस्ते, बंदरं यांच्या नुकसानीचा अंदाज दिला तो १६.९ लाख कोटी येनचा. जगात सगळ्यात मोठ्या मनानं दिलं ते तैवाननं, तेही बरंचसं सामान्य लोकांनी. ती रक्कम २,००० कोटी येनच्या वर गेली. तैवान हा केवढासा देश. तरी नुकसानीशी तुलना केली तर हजार रुपयांत एक रुपया आणि काही पैसे. खरी भरपाई कुणी केली, तर जपानी करदात्यानं. २०१३ पासून तिथे प्राप्तिकरावर २.१ टक्क्यांचा पुनर्बांधणी अधिभार लागला आहे, तोही पंचवीस वर्षांसाठी. ज्या मुलाचा जन्म २०११ नंतर झाला, तोही नोकरीला लागल्यावर या त्सुनामीचा कर भरणार आहे.

आणि लोकांनी मनापासून दिलेले पैसे आपद्ग्रस्तांच्या हाती पडायलाही वेळ लागला. जपानमध्ये दोन प्रकारच्या देणग्या मानतात. एक "गिएनकिन", म्हणजे थेट आपद्ग्रस्तांच्या हातात जाणारा पैसा. दुसरी "शिएनकिन", म्हणजे तिथे काम करणाऱ्या संस्थांना चालण्यासाठी दिलेला पैसा. गिएनकिनचा दंडक असा की वाटप समान आणि न्याय्य झालं पाहिजे, एकाला मिळालं आणि शेजारच्याला नाही असं होता कामा नये. त्यासाठी समिती, मग प्रांत, मग नगरपालिका, मग घर पडल्याचा दाखला. आता दाखला द्यायचा कुणी? ओत्सुची नावाच्या गावात तर खुद्द महापौर आणि पालिकेचे कितीतरी कर्मचारी त्सुनामीत गेले होते. कचेरीच उरली नव्हती. तीन महिने होत आले तरी जमलेल्या रकमेतला थोडाच भाग लोकांच्या हाती पोचला होता. पैसा भरपूर होता, फक्त वाटणारा हात वाहून गेला होता.

आता याच वर्षातलं दुसरं चित्र. त्याच २०११ मध्ये सोमालियात दुष्काळ वाढत होता. २०१० च्या उत्तरार्धापासून इशारे दिले जात होते, पाऊस नाही, जनावरं मरताहेत, धान्याचे भाव चढताहेत. जगाचा हात सैल झाला तो २० जुलै २०११ ला संयुक्त राष्ट्रांनी सोमालियाच्या दक्षिणेत "उपासमारीचा दुष्काळ" असं अधिकृत जाहीर केल्यानंतर. तोवर हजारो माणसं गेलेली होती. पुढे झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात तिथे २ लाख ५८ हजार माणसं जास्तीची मेली. त्यांतली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुलं.

सगळा दोष पैशावर ढकलता येणार नाही. तिथे यादवी होती, अल-शबाबनं मदत संस्थांना हाकललं होतं, आणि अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यांमुळे संस्थाही बिचकत होत्या. पण वेळेवर पैसा आला असता तर माणसं वाचली असती, हे इथे खरं आहे. आणि जपानबद्दल हे वाक्य म्हणता येत नाही. मार्च महिन्यात कुणाच्या हातात शंभर डॉलर असतील, आणि त्या शंभर डॉलरनी एखादा जीव वाचावा एवढीच त्याची इच्छा असेल, तर त्यानं ते सेंदाईला न पाठवता मोगादिशूकडे पाठवायला हवे होते. चिठ्ठीवाल्यांच्या बाजूनं याहून मजबूत मुद्दा आम्हाला सापडत नाही, आणि तो आम्हाला पूर्ण मान्य आहे.

मग तिथेच विषय संपला का? नाही. कारण माणसं फक्त जीव वाचावा म्हणून देत नाहीत.

आपल्याकडे घरात कुणी गेलं की चूल पेटत नाही. शेजारणी, भाऊबंद पिठलं-भात करून आणतात. ज्या घरी आणतात, ते घर वाड्यातलं सगळ्यांत श्रीमंत असलं तरी आणतात. त्या घरात कणगीत धान्य आहे की नाही, असं कुणी विचारत नाही. तो डबा भुकेसाठी नसतोच. आणि ज्यांनी आणलं, त्यांच्या घरी वेळ आली की यांनी न्यायचं, हेही न बोलता ठरलेलं असतं. म्हणजे त्याला दान म्हणता येत नाही, उधारही म्हणता येत नाही. देशांच्या बाबतीतही बरंचसं असंच चालतं, फक्त तिथे वही जास्त काटेकोर ठेवली जाते.

तैवाननं एवढं का दिलं? २१ सप्टेंबर १९९९ ला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला होता, तेव्हा त्याच दिवशी रात्री सर्वांत आधी जपानचं शोधपथक येऊन पोचलं होतं. ती आठवण होती. २२ फेब्रुवारी २०११ ला न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला भूकंप झाला, १८५ माणसं गेली, त्यांत इंग्रजी शिकायला आलेले २८ जपानी विद्यार्थी होते. जपानचं पथक तिथे ढिगारा उपसायला गेलं. आणि बरोबर सतरा दिवसांनी जपानवरच वेळ आली, तेव्हा न्यूझीलंडचं पथक जपानला निघालं. दोन्ही देश श्रीमंत. पैशानं दोघांचंही अडलं नव्हतं. ग्रीस आणि तुर्कस्तान यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. पण १९९९ च्या ऑगस्टमध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा ग्रीक धावले, आणि तीन आठवड्यांनी अथेन्स हादरलं तेव्हा तुर्क धावले. त्या दोन देशांतलं बोलणं त्यानंतर बरंच सुधारलं.

अर्थात या वहीवर फार विसंबू नये. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को भूकंपानं आणि आगीनं जळालं. अमेरिकेच्या अध्यक्षांनी, म्हणजे थिओडोर रूझवेल्ट यांनी, परकीय सरकारांची मदत नम्रपणे नाकारली. आमचं आम्ही बघू. तरी जपानमधून जवळपास अडीच लाख डॉलर आले, परदेशांतून आलेल्या मदतीत सर्वांत जास्त. त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळानं ठरवलं की जपानी मुलांनी इतर मुलांबरोबर बसायचं नाही, त्यांची शाळा वेगळी. भूकंप एप्रिलमधला. सहा महिने झाले नव्हते. पुढे १९२३ मध्ये टोकियो-योकोहामा भूकंपात उद्ध्वस्त झालं, तेव्हा अमेरिकेनं जहाजं भरभरून मदत केली, लोकांनी वर्गण्या काढल्या. आणि १९२४ मध्ये कायदा करून जपानी लोकांना अमेरिकेत स्थायिक व्हायला बंदी केली. मदतीमुळे मैत्री होतेच असं कुणी म्हणालं, तर ही दोन वर्षं त्याच्यापुढे ठेवावीत.

आता आणखी एका गोष्टीकडे बघायला हवं, ती "श्रीमंत देश" या शब्दाकडे. देश श्रीमंत असतो म्हणजे काय? न्यू ऑर्लिन्समध्ये कतरिनाच्या आधी २८ टक्के लोक अमेरिकेच्या सरकारी व्याख्येप्रमाणे दारिद्र्यरेषेखाली होते. शहर सोडा असा हुकूम निघाला तेव्हा ज्यांच्याकडे गाडी होती ते निघाले. शहरातल्या पाव कुटुंबांहून अधिक जणांकडे गाडीच नव्हती. स्टेडियममध्ये कोण अडकलं होतं हे जगानं टीव्हीवर पाहिलं. बहुतेक कृष्णवर्णीय, म्हातारे, आजारी. अमेरिकेकडे पैसा होता, पण या माणसांकडे अमेरिका नव्हती, असं म्हणावं लागेल. परदेशांतून आलेल्या रोख रकमेतले ६ कोटी ६० लाख डॉलर एका वेगळ्या कामाला गेले: विखुरलेल्या कुटुंबांपाशी एकेक कार्यकर्ता बसवून त्यांना घर, नोकरी, औषधं, सरकारी अर्ज यांतून वाट काढून द्यायची. अब्जावधींच्या सरकारी पैशात या कामाला जागा नव्हती, कारण नियमात ते बसत नव्हतं. वीस पैशांतले दहा पैसे अशा ठिकाणी पडले. कतारनं दिलेल्या १० कोटी डॉलरपैकी मोठा वाटा त्यांनी सरकारकडे न देता परस्पर तिथल्या विद्यापीठांना आणि संस्थांना दिला. त्यांत झेवियर हे कृष्णवर्णीयांचं जुनं विद्यापीठ होतं. आपल्याच सरकारनं विसरलेल्या माणसाला परक्याचा पैसा पोचतो, तेव्हा देश श्रीमंत आहे की गरीब हा हिशेब त्याच्या दृष्टीनं निरर्थक असतो. पण हे कधी, तर पाठवणाऱ्यानं कुणाला पाठवायचं हे शोधलं तर. नुसतं सरकारी खात्यात टाकून ते होत नाही.

पथकांबद्दल थोडं. परदेशी शोधपथक विमानातून उतरतंय, कुत्रे आहेत, हेल्मेटं आहेत, अशी दृश्यं आपल्याला फार आवडतात. प्रत्यक्षात ढिगाऱ्याखालची बहुसंख्य माणसं पहिल्या काही तासांत बाहेर निघतात, आणि त्यांना काढतात शेजारी. कोबेला १७ जानेवारी १९९५ ला हेच झालं. ६,४०० च्या वर माणसं गेली तिथे. स्वित्झर्लंडहून शोधकुत्रे यायला तयार होते, तर जपानी अधिकाऱ्यांना प्रश्न पडला की बाहेरच्या कुत्र्यांना नियमाप्रमाणे विलग ठेवायचं की नाही! परदेशी डॉक्टरांकडे जपानचा परवाना नाही म्हणून त्यांचंही अडलं. सरकारवर सडकून टीका झाली. जपाननं ती लक्षात ठेवली. २०११ मध्ये परदेशी डॉक्टरांना आवश्यक तेवढे उपचार करायला लगेच परवानगी मिळाली, आणि १६३ देश व प्रदेशांनी मदत देऊ केली तेव्हा काय घ्यायचं आणि काय नको, हे बऱ्यापैकी नीट ठरवलं गेलं. आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं ४६ जणांचं पथक ओनागावा या उद्ध्वस्त झालेल्या गावी गेलं. या दलाची ती देशाबाहेरची पहिलीच कामगिरी. तोवर जिवंत कुणी सापडण्याची वेळ निघून गेली होती. त्यांनी मृतदेह शोधून दिले. ज्यांची माणसं बेपत्ता होती, त्यांना याची किंमत विचारा.

मग भारताचं काय? आपण स्वतःला कुठल्या रांगेत धरतो? १९९३ ला किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचं कर्ज घेतलं, परदेशी मदतही घेतली. २००१ ला भुजच्या वेळी घेतली. २००४ च्या त्सुनामीनंतर मात्र पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या सरकारनं भूमिका घेतली की तातडीचं मदतकार्य आम्ही स्वतः निभावू. उलट आपल्याच नौदलाची जहाजं श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाला गेली. दीर्घ मुदतीच्या पुनर्बांधणीसाठी बँकांची कर्जं घेतली, ते वेगळं. जगाला सांगणं असं होतं की आम्ही आता घेणाऱ्यांच्या रांगेत नाही. २०१८ मध्ये केरळात महापूर आला, पावणेपाचशेच्या आसपास माणसं गेली, नुकसान ३१ हजार कोटींच्या घरात मोजलं गेलं. संयुक्त अरब अमिरातीकडून ७०० कोटी रुपये येणार अशी बातमी पसरली. अमिरातीच्या राजदूतांनी तसा अधिकृत आकडा ठरलेला नाही असा खुलासा केला, पण केंद्र सरकारनं तोवर धोरण सांगून टाकलं होतं की परकीय सरकारांची मदत घेणार नाही. व्यक्तींनी, प्रतिष्ठानांनी निधीत जरूर द्यावं.

आम्हाला इथे केंद्राचं म्हणणं अर्धंच पटतं. स्वाभिमान चांगला, पण तो ज्याच्या खर्चानं राखायचा त्याला विचारायला हवं. दिल्लीनं नाही म्हटलं तर तेवढे पैसे दिल्लीनं द्यावेत, मग प्रश्नच नाही. जपाननं नको म्हटलं तेव्हा स्वतःच्या नागरिकांवर पंचवीस वर्षांचा कर बसवून ते निभावलं. आणि आखातातले देश केरळला परके आहेत का, हाही विचार करा. तिथल्या इमारती मल्याळी माणसांनी बांधल्या आहेत. तिथून आलेला डबा हा शेजाऱ्याचा डबाच म्हणायला हवा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण कुणीतरी विचारणारच की मग आम्ही काय करायचं. कुठल्याही देशाला द्या, पण वस्तू पाठवू नका, रोख द्या. त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या रस्त्यांवर जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, कोळणींना त्यांतलं काही घालण्यासारखं नव्हतं, आणि ते उचलायला पुन्हा माणसं लावावी लागली. दुसरं, देण्यापूर्वी ज्या संस्थेला देताय तिची घटना काय म्हणते ते बघा. २०१९-२० मध्ये ऑस्ट्रेलियात वणवे लागले तेव्हा सिलेस्ट बार्बर या विनोदी कलावतीनं इंटरनेटवर आवाहन केलं, आणि जगभरातून ५ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. तिला ते होरपळलेल्या माणसांना, प्राण्यांना, इतर राज्यांनाही द्यायचे होते. पण पैसे जमा झाले होते एका राज्याच्या ग्रामीण अग्निशमन दलाच्या न्यासाकडे. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि मे २०२० मध्ये न्यायालयानं सांगितलं की न्यासाच्या दस्तऐवजात जे लिहिलंय त्याबाहेर खर्च करता येणार नाही. दात्यांच्या मनात काय होतं याला कायद्यात जागा नव्हती. तिसरं, एखाद्या देशाचं नाव लिहून त्याच्यासाठीच असं बांधून देऊ नका. तुमचा भरवसा असलेल्या संस्थेला "जिथे गरज असेल तिथे वापरा" असं म्हणून द्या. २०११ मध्ये ज्यांनी मार्च महिन्यात तसं दिलं होतं, त्यांचा पैसा जुलैत सोमालियाला वळवता आला असता.

वेळ झाली आहे. उरलेल्या चिठ्ठ्या पेटीत टाका. केरळच्या मुद्द्यावर बऱ्याच जणांना बोलायचं आहे असं दिसतंय, तर ते आपण प्रश्नोत्तरांत घेऊ.